डाव्या कानातला खडा

मणीवालीच्या आयुष्यातलं पहिलं परकं गिऱ्हाईक गुरुवारी पाच वाजता कानातली घ्यायला येणार होतं, आणि साडेचार वाजता तिचा नवरा डाव्या कानातल्याचा गोंद वाळला का, ते काडीने टोचून बघत होता.

"वाळला का रे?"

"वाळलाय. पण पूर्ण ताकद यायला चोवीस तास लागतात, असं नळीवर लिहिलंय."

"बाई ती कानात घालणार आहेत, धरून झोका घेणार नाहीत."

जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग कायम मण्यांनी व्यापलेला असे, म्हणून शेजारी तिला मणीवाली म्हणत. तीन वर्षांत तिने शंभरावर दागिने केले होते. ते सगळे आत्या, मावश्या आणि नणंदांनी घेतले. घातले मात्र कोणी फारसे नाहीत. नात्याबाहेरचं माणूस प्रथमच तिच्याकडे येत होतं, आणि तेही शाळेच्या मुख्याध्यापिका. शुक्रवारच्या शिक्षकसभेत त्या ही कानातली घालणार होत्या. बेचाळीस शिक्षक बघणार होते. आपण कारागीर आहोत की नुसती लाडकी भाची, याचा निकाल शुक्रवारी लागणार, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

नवरा कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता. तो पडदासुद्धा पट्टी लावून टांगत असे, म्हणून त्याच्या आईनेच त्याला मिलिमीटर हे नाव ठेवलं होतं. बाईंनी सांगितलेला टायगर आय हा दगडही असल्या माणसाच्याच हाताचा. तपकिरी, सोनेरी, आत रेशमासारखे बारीक तंतू आणि ते किंचित तिरपे. दगड हलला की उजेडाची पट्टी त्यावरून सरकते. एकाच तुकड्यातून जोडीचे खडे कापून दोन्ही एकाच दिशेने बसवले, तर ते बरोबर उजळतात आणि बरोबर विझतात. एक जरी उलट्या दिशेने बसला, तरी एक उजळतो तेव्हा दुसरा विझतो. मिलिमीटरला हे पक्कं माहीत होतं. म्हणून त्याने कापतानाच दोन्ही खड्यांच्या पाठीवर बाण काढून ठेवले होते.

पाचला बाई आल्या. दिव्याखाली दोन्ही खडे सारखेच दिसत होते. बाईंनी कानातली तिथेच घातली, "छान झालीत" म्हणाल्या, दारात वळून सासूबाईंचा निरोप घेतला आणि गेल्या.

सासूबाई जरा वेळ दाराकडे बघत राहिल्या.

"तुमच्या या बाईंनी मला डोळा मारला."

"आई, काहीतरीच काय!"

"अगं, तोंडाने नाही, कानांनी! वळताना हा कान चमकला, मग तो चमकला. हा, मग तो. मी काय वेडी आहे?"

मणीवालीने नवऱ्याकडे पाहिलं. मिलिमीटर हातातल्या काडीकडे पाहत होता.

"बाण बघून लावलास ना?"

"बाण पाठीवर होते."

"मग?"

"गोंदही पाठीलाच लावायचा होता. आधी गोंद लावला. मग बाण दिसेना. अंडाकृती खडा... दोन्हीकडून सारखाच."

"पडद्याला पट्टी लावतो," सासूबाई म्हणाल्या, "आणि खडा लावतो अंदाजपंचे."

मणीवालीने बाईंना तीन वेळा फोन केला. सभेच्या तयारीत असल्यामुळे की काय, बाईंनी उचलला नाही. शुक्रवार कसाबसा गेला. बेचाळीस शिक्षक आपल्या कामाला हसताहेत, असं चित्र दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर होतं. पुन्हा परक्यांच्या वाटेला जायचं नाही, असा तिने कानाला खडा लावला. सोमवारी ती शाळेत गेली.

"बाई, आमच्याकडे पहिल्या जोडीला पॉलिश मोफत असतं."

"चार दिवसांत पॉलिश?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"दगड नवा असतो ना. आधी जरा... स्थिरावतो."

हे वाक्य कुठून आलं, ते तिचं तिलाही कळलं नाही. बाईंनी क्षणभर विचार केला, कानातली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

गोंदाने तोवर नळीवर लिहिलेली पूर्ण ताकद कमावली होती. सासूबाईंची नखांचा रंग पुसायची अख्खी बाटली संपली, तेव्हा कुठे खडा सुटला. या वेळी मिलिमीटरने खिडकीजवळ बसून दोन्ही खडे वीस वेळा हलवून पाहिले आणि मगच डावा चिकटवला. दोन्ही बरोबर उजळले, बरोबर विझले. बुधवारी मणीवालीने कानातली पोचवली आणि त्या रात्री तिला शांत झोप लागली.

पुढच्या शनिवारी बाई स्वतः दारात उभ्या. डबी टेबलावर ठेवून त्या खुर्चीवर बसल्या.

"पॉलिशच्या नावाखाली डावा खडा फिरवलात ना?"

"मी अठरा वर्षं भौतिकशास्त्र शिकवलंय. घरी जाऊन आरशात पाहिलं, तेव्हाच समजलं होतं. पाठीवर खूण केलीत आणि पाठच चिकटवलीत. बरोबर?"

"हो, बाई," मिलिमीटर उभा राहून म्हणाला.

"खाली बसा. आता माझं ऐका. बारा वर्षं मी सभा घेतेय. बारा वर्षं मला फक्त भांग दिसतात, सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. त्या शुक्रवारी मी बोलायला उभी राहिले, खिडकीतून ऊन येत होतं, आणि बेचाळीस माना वर! शेवटपर्यंत! चित्रकलेच्या सरांनी तर प्रश्नही विचारला."

"आणि काल?" मणीवालीने हळूच विचारलं.

"काल पुन्हा भांग."

आत सासूबाईंना हसू आवरेना; भांड्यांचा आवाज त्यांनी मुद्दाम मोठा केला.

"मग आधीच का नाही सांगितलंत, बाई?"

"काय सांगू? माझं कोणी ऐकत नाही, कानातली तेवढी असू द्या? तुम्ही पॉलिश म्हणालात, तर मला वाटलं, खरंच पॉलिश असेल." बाईंनी डबी पुढे सरकवली. "पहिल्यासारखी उलटी करून द्या. शुक्रवारच्या आत."

मिलिमीटरने कोनमापक काढला. पहिल्यांदा जी चूक आपोआप झाली होती, ती आता बरोबर एकशेऐंशी अंशांची व्हायला हवी होती. या वेळी त्याने बाण खड्याच्या पाठीवर काढला नाही, कागदावर काढला.

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"आणखी एक. आमच्या उपमुख्याध्यापिका येतील पुढच्या आठवड्यात. त्यांना हुबेहूब अशीच हवीत म्हणे."

मणीवालीचा चेहरा उजळला. नात्याबाहेरचं दुसरं गिऱ्हाईक! "देईन ना, बाई. अगदी अशीच."

बाईंनी आवाज खाली आणला.

"त्यांना मात्र सुलटी द्या."