शोकप्रस्तावाची पाच मिनिटं

"पाच मिनिटांचं काम आहे, काकू! जाते, ठराव करून घेते, पत्र घेऊन येते. तुमचा ट्रक हलायच्या आत कागद तुमच्या हातात. नाही आणला तर राज्यशास्त्राचं नाव टाकीन!"

असं छातीठोकपणे सांगून मुदतवाढ जिना उतरली.

मुदतवाढ हे काही तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. राज्यशास्त्र विभागात पीएच.डी. करता करता तिनं तीनदा मुदतवाढ घेतली. चौथा अर्ज आला तेव्हा क्लार्कनं नावाच्या रकान्यातच 'मुदतवाढ' लिहून टाकलं आणि तेच चिकटलं. तिचा विषयही असा की, लोक मत का देत नाहीत? पाच वर्षं ती मत न देणाऱ्यांच्या दारोदार हिंडली. आता जी माणसं मत द्यायला घराबाहेर पडली नाहीत, ती प्रश्नावली भरायला दारापर्यंत तरी कशाला येतील? बेल वाजवून वाजवून बिचारीच्या बोटाला घट्टा पडला!

काकू म्हणजे तिच्या गाइडची बायको. सर गेले त्याला दीड महिना झाला होता. विद्यापीठाचं क्वार्टर आज रिकामं करायचं होतं आणि काकू मुलाकडे, दुसऱ्या गावी निघाल्या होत्या. कपाट उचललं तिथली फरशी अजून नवीकोरी होती, तीस वर्षांपूर्वी होती तशीच. उरलेल्या एकुलत्या खुर्चीवर काकू बसल्या होत्या आणि हमाल त्यांच्याभोवतीनं, पाण्यातल्या दगडाला वळसा घालावा तसे, जा-ये करत होते.

"मला काही मोठं नको गं," काकू म्हणाल्या होत्या. "मुलगा म्हणतो, बाबा तिथे तीस वर्षं नुसते बसून होते. कुठे प्रमुख नाहीत, कुठे अध्यक्ष नाहीत. मी काय बोलणार त्यावर? हे घरी आले की तिथल्या माणसांबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. त्या लोकांत यांना कोणी आपलं म्हणत होतं की नाही, मला माहीतच नाही. एवढा एक कागद मिळाला तर मुलाला म्हणेन, वाच. मोठ्यानं वाच. माझे डोळे गेलेत, कान आहेत अजून."

आता एवढ्या कागदाला दीड महिना का लागावा? तर विभागाच्या लेटरहेडवर शोकाचं पत्र द्यायचं म्हणजे त्यावर ठरावाचा क्रमांक हवा. ठरावाला सभा हवी. पहिल्या सभेला गणपूर्ती झाली नाही. दुसऱ्या सभेची नोटीस सात दिवसांऐवजी सहा दिवस आधी निघाली, म्हणून ती सभा सगळे हजर असताना, सर्वानुमते, झालीच नाही असं ठरलं. आज तिसरी सभा होती. मजकूर मुदतवाढीनंच लिहिला होता. चार ओळी! त्यात काय वाद होणार!

सभा तीन वाजता सुरू झाली. सात प्राध्यापक टेबलाभोवती बसले. आठवी खुर्ची तशीच होती. ती हलवायचं कोणाच्या जिवावर आलं नव्हतं आणि तिच्याकडे बघायचंही.

प्रमुख मॅडमनी वाचलं, "'आपल्या सर्वांच्या लाडक्या सरांच्या निधनाने विभाग पोरका झाला आहे. विभागाला तीव्र दुःख होत आहे.' ठीक आहे ना? मंजूर?"

"एक मिनिट," घटनावाले म्हणाले. ते राज्यघटना शिकवत आणि नियमांची पुस्तिका शर्टाच्या खिशात, हृदयाच्या बाजूला ठेवत. "पोरका म्हणजे? सर विभागाचे पालक होते असा कुठे आदेश आहे?"

"अहो, भावना आहे ती!"

"भावना असू दे ना. नियमात बसेल अशी असू दे."

"'सर्वांच्या' म्हणजे किती?" आकडेवाल्यांनी चष्मा वर केला. निवडणुकांची आकडेवारी हा त्यांचा प्रांत. "कोणी मोजलं होतं का? 'बहुसंख्यांच्या लाडक्या' करा. सुरक्षित राहतं."

"लाडके बहुसंख्यांचे असतात का हो?" मुदतवाढ मागच्या बाकावरून कळवळून म्हणाली.

"संशोधकांना सभेत बोलता येत नाही. नियम सहा."

तोवर परराष्ट्रवाले उठून उभे राहिले होते. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवून त्यांना साधं 'हो' म्हणायलाही भुवया वापरायची सवय लागली होती. "'तीव्र' या शब्दाला माझी हरकत आहे. देशादेशांच्या पत्रव्यवहारात 'तीव्र' आलं की पुढच्या पत्रात राजदूत परत बोलावतात. 'खोल' करा."

"खोल म्हणजे किती?" आकडेवाले म्हणाले.

बघता बघता चार ओळींना नऊ दुरुस्त्या आल्या आणि दुरुस्त्यांना तीन उपदुरुस्त्या! दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ते ठरावाआधी की नंतर, यावर वीस मिनिटं कोणी स्तब्ध बसलं नाही. मुदतवाढ मनगटावरच्या घड्याळाकडे बघून घामाघूम होत होती. चार वाजत आले होते आणि ट्रक साडेचारला निघणार होता.

शेवटी मॅडमनी टेबलावर डस्टर आपटलं. खडूच्या धुळीचा लोट उठला. "दुरुस्त्या सगळ्या मागे! मूळ मजकुरावर हात वर करा!"

"हात?" घटनावाले दुखावले. "शोकाच्या ठरावावर उघड मतदान? एकमेकांकडे बघून दुःख करायचं? नाही मॅडम. दुःख दडपणाखाली नको. गुप्त मतदान घ्या."

यावर मात्र, आश्चर्य म्हणजे, सगळ्यांनी माना हलवल्या. सात चिठ्ठ्या फाडल्या गेल्या. 'हो' किंवा 'नाही' लिहायचं, कोरी सोडली तर तटस्थ. मुदतवाढीनं खडूचं रिकामं खोकं फिरवलं. प्रत्येकानं चिठ्ठी हाताच्या आडोशाला धरली, जणू परीक्षेत शेजारचा कॉपी करणार होता! कोणी खिडकीबाहेर बघितलं, कोणी टोपण लावलेल्या पेनाशी चाळा केला. घटनावाल्यांनी तर चिठ्ठीची इतकी बारीक घडी घातली की ती खोक्यात पडल्याचा आवाजही झाला नाही.

मुदतवाढीनं पहिली चिठ्ठी उलगडली. कोरी.

दुसरी. कोरी.

तिसरी तिनं उलटी करून बघितली, उजेडात धरली. कोरी! चौथी, पाचवी, सहावी कोरी. सातवी, त्या बारीक घडीची, उलगडता उलगडता फाटली. तीही कोरी.



"बाजूने शून्य," क्लार्कनं लिहून घेतलं, "विरुद्ध शून्य. तटस्थ सात. प्रस्ताव फेटाळला." आणि शाई वाळावी म्हणून फुंकर घातली.

"फेटाळला?" मुदतवाढीचा आवाज चिरकला. नियम सहा गेला खड्ड्यात! "अहो, त्या माणसानं तुमच्या पेपरांच्या गठ्ठ्यांचे गठ्ठे तपासले! तुम्ही आजारी पडलात तेव्हा तुमचे तास घेतले! एक शब्द लिहायला हात झडले होते का? एक अक्षर! 'हो' लिहायला काय लागतं?"

आकडेवाल्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत, आपल्या चष्म्यालाच सांगावं तसं म्हणाले, "मी... त्यांच्यासाठी सोडली कोरी."

"म्हणजे?"

"तीस वर्षांत सरांनी या टेबलावर कधी मत दिलं नाही. प्रत्येक इतिवृत्तात त्यांच्या नावापुढे 'तटस्थ'. आम्ही भांडभांड भांडायचो आणि ते एकटे शांत, कोणाच्याच बाजूला नाहीत. म्हणून कोणाच्याच विरुद्ध नाहीत. मला वाटलं, आज त्यांच्या नावाची एक तरी चिठ्ठी तशी पडावी. बाकीचे सहा 'हो' म्हणतीलच की!"

"मलाही तेच वाटलं," परराष्ट्रवाले म्हणाले. भुवया जागच्या जागी होत्या.

"बाकीचे सहा देतील असं मलाही वाटलं," मॅडम म्हणाल्या.

एकेक करत सातही जणांना तेच वाटलं होतं. आपण एकट्यानंच त्यांची जागा राखावी आणि उरलेल्यांनी काम उरकावं! शेवटी घटनावाल्यांची पाळी आली. त्यांनी खिशातली पुस्तिका काढली, उघडली, अक्षरं दिसेनात म्हणून लांब धरली. "नियम अकरा," ते कसंबसं म्हणाले. "फेटाळलेला प्रस्ताव सहा महिने पुन्हा मांडता येत नाही." आणि पुस्तिकेनंच डोळे झाकून घेतले.

मुदतवाढीनं खोकं उचललं आणि ती पळत सुटली. जिना उतरली, ग्रंथालय मागे टाकलं, मैदान आडवं कापलं. पाय पुढे धावत होते आणि मन पाऊल पाऊल मागे येत होतं. काय सांगायचं? पाच वर्षं मत न देणाऱ्यांचा अभ्यास करून सात माणसं मत का देणार नाहीत हे तिला कळलं नव्हतं! वर चौथं प्रकरण अख्खं सरांवरच लिहिलेलं. नाव न घेता, 'एक ज्येष्ठ प्राध्यापक' म्हणून. 'तटस्थतेचे नैतिक अधिष्ठान', बेचाळीस पानं. सरांनी ते वाचून समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि परत देताना लाजल्यासारखं हसले होते.

ट्रकचं इंजिन सुरू होतं. काकू पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, हात मांडीवर उघडा ठेवून, कागदासाठी.

"आणलास?"

"आणलं, काकू. म्हणजे... सात आहेत."

"सात!" काकूंचा चेहरा उजळला. "एकेकानं वेगळं लिहिलं? बाई गं! मग एक तरी वाच. ड्रायव्हरदादा, दोन मिनिटं थांबाल का?"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली की आता वाचल्याशिवाय सुटका नव्हती. मुदतवाढीनं चिठ्ठी समोर धरली. "'सर म्हणजे...'" तिनं सुरुवात केली. "'सर म्हणजे आमच्या विभागाचे...'" पुढचं वाक्य येईना. पाच वर्षं जिचं प्रत्येक वाक्य सरांनी दुरुस्त केलं, तिला आज सरांवरचं एक खोटं वाक्य रचता येईना.

"काकू, कोरी आहे. सातही कोऱ्या आहेत. ठराव पडला."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. पोरका, तीव्र, खोल, गुप्त मतदान, आणि कोणी कोणासाठी काय सोडलं ते. सांगता सांगता दीड महिन्यात न आलेलं रडू तिला आलं. शोकाच्या वेळी नाही, भर रस्त्यात, ट्रकच्या चाकाशी, हमालांच्या देखत!

काकूंनी चिठ्ठ्या हातात घेतल्या, एकेक बोटांनी चाचपली. "सातही जणांनी?"

"सातही जणांनी."

"ते मत देत नव्हते म्हणून?"

"हो. त्यांचं ते तत्त्वच होतं ना, काकू."

काकू हसायला लागल्या. आधी ओठांत, मग खांदे हलायला लागले, मग पदर तोंडाला लावला. हसू कुठे संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते ड्रायव्हरलाही कळलं नाही. त्यानं आपला आरसा उगाच नीट केला.

"कसलं तत्त्व गं! मला म्हणायचे, बाजूनं मत दिलं की समितीत घालतात. विरुद्ध दिलं की भिन्नमतपत्रिका लिहायला बसवतात. गप्प बसणाऱ्याला पाचला घरी सोडतात."

"पाचला?"

"इथे आलो त्या वर्षीच माझे डोळे गेले, तेव्हा मी म्हटलं होतं, आता पेपर कोण वाचणार मला? तेव्हापासून रोज पाचला पेपर वाचून दाखवायचे. पहिल्या पानापासून भाड्यानं देणे-घेणेपर्यंत. एकही दिवस चुकवला नाही. प्रमुखपद चालून आलं तेव्हाही म्हणाले, नको, त्यात पाच वाजत नाहीत."

मुदतवाढ उभीच राहिली. बेचाळीस पानं तिच्या डोळ्यांसमोरून एकेक करत उडून गेली.

"मुलाला काय दाखवणार आता?" तिनं विचारलं.

"हेच." काकूंनी सातही चिठ्ठ्या सरांच्या चष्म्याच्या घरात घातल्या. "म्हणेन, बघ, तुझ्या बापाशिवाय सात जणांचं मत होईना. बाकीचं मी तोंडानं सांगेन." मग तिचा हात दाबून हळूच म्हणाल्या, "पण त्यांना हे सांगू नकोस हं. चांगली माणसं आहेत. त्यांना वाटतंय ते वाटू दे."

ट्रक निघाला, वळणावर दिसेनासा झाला. धूळ बसली, तरी ती बघत होती.

विभागात परतली तेव्हा सातही जण तसेच बसले होते. सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. "वहिनी काय म्हणाल्या?"

तिच्या तोंडाशी आलं होतं. पण तिनं मान खाली घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण विचारांती, तटस्थ राहिली.

"बोलत नाही म्हणजे फारच लागलं असणार त्यांना," मॅडम म्हणाल्या. "असं कसं घडलं, याचा छडा लावायला समिती नेमू. चिटणीस म्हणून हिला घ्या. विषयही हिचाच आहे."

"मॅडम, मी तर काही बोललेच नाही!"

"म्हणूनच," घटनावाले नाक ओढत म्हणाले. "हरकत नाही, असं गृहीत धरलं. नियम चौदा."

गप्प बसून पाचला सुटायचं कसं, ते सरांनी तिला शिकवलंच नव्हतं. समितीच्या बैठका दर दिवसाआड ठरल्या, सगळ्यांना सोयीच्या वेळी. संध्याकाळी पाच ते सात.