शास्त्रीबुवांचे बियाण्याचे वांगे

"आमच्या पांढऱ्या वांग्याचे बी साऱ्या सोलापुरात अन्यत्र मिळायचे नाही," असे भवानी पेठेतील यज्ञेश्वरशास्त्री प्रत्येक पाहुण्यास परसात नेऊन सांगत. बोलणे खरेच होते. मातुःश्रींनी माढ्याहून आणलेले ते बी त्यांनी चाळीस वर्षे वेदपाठाच्या निष्ठेने जतन केले होते. यंदा मात्र किडीने झाडे नेली. उरले एक झाड, आणि त्यावर बियाण्यासाठी पिकू दिलेले एकच वांगे. ते कोणी चुकून तोडू नये म्हणून शास्त्रीबुवांनी देठाला दोरा बांधला. हाताशी होता तो दोरा हळदीत भिजवलेला.

चंपाषष्ठीला पूजा आटोपून ते परसात आले, तो देठ रिकामा. झाडांना पाणी घालणारी गोजरबाई प्रसन्न मुद्रेने उभी होती.

"बुवा, तुमचा नवस देवळात पोचवला की."

"कसला नवस?"

"आता मलाच इचारता व्हय? हळदीचा दोरा बांदलेलं वांगं, आन् आज सट. खंडोबाचं न्हाय तर कुणाचं?"

शास्त्रीबुवा सोवळ्यानिशीच टांग्यात चढले. देवळात नैवेद्याच्या वांग्यांची रास लागली होती. पुजारी सिद्धाप्पाने हात जोडले.

"देवाफुडं आलेलं माघारी देत न्हाय, बुवा."

शास्त्रीबुवांनी दान आणि संकल्प यांचे सविस्तर विवेचन आरंभिले. संकल्पच नव्हता, सबब दानही घडले नाही, हा सिद्धांत सिद्ध होईतो भोवती शंभर माणसे जमली. सिद्धाप्पाने सारे शांतपणे ऐकून घेतले.

"पिवळं पडलेलं व्हय? जून वांगं भरताला कुटं चालतंय? ते मगाच गाईम्होरं टाकलं."

शास्त्रीबुवा मंडपामागे धावले. गाईने वांगे एकवार हुंगून, परीक्षकाच्या गांभीर्याने नापास केले होते. त्यांनी गाईस प्रदक्षिणा घातली, वांगे उपरण्यात बांधले आणि दिग्विजयी मुद्रेने टांग्यात बसले. जमलेल्यांनी पाहिले ते एवढेच, की देवाला वाहिलेले वांगे देवाने शास्त्रीबुवांना परत दिले.

पुढल्या वर्षी परस पांढऱ्या वांग्यांनी लखलखला. शास्त्रीबुवांनी घरोघर टोपल्या धाडल्या. लोकांनी त्यांवर फुले वाहिली, नमस्कार केला आणि टोपल्या भरल्या तशा परत केल्या. अखेर त्यांनी पत्नीस भरीत करावयास सांगितले.

"प्रत्यक्ष देवानं परत पाठवलेलं वाण ते," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मी निखाऱ्यावर ठेवू होय?"

शास्त्रीबुवांनी पिशवी उचलली आणि मंडईतून दोन जांभळी वांगी आणली.