केळुसकरांचे आंधळे मासे

केळुसकरकाकांकडे कुणी मासे पाठवले, की ते आधी प्रत्येक माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून स्पिरिटच्या बाटलीत टाकत. हळद-मीठ त्यानंतर. "ओळख झाल्याशिवाय कुणाला पोटात घेऊ नये," म्हणत.

दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत ते आणि मालतीकाकू चौथ्या मजल्यावर राहतात, मी तिसऱ्या. निवृत्त होईपर्यंत काकांनी माशांच्या जनुकांचाच अभ्यास केला. लिफ्टमध्ये सापडलेल्याची सुटका नसे. ते सांगत, फार पूर्वी माशांच्या एका पूर्वजाच्या सगळ्या जनुकांची दुसरी प्रत तयार झाली. एकीने काम सांभाळलं, दुसरी मोकळी.

"मोकळ्यातल्या काही नवं काम शिकल्या, बाकीच्या नुसत्या बिघडल्या. आपले सेक्रेटरी बघ. बिल्कुल बिघडलेली प्रत." हे सेक्रेटरींच्या देखत, पण मराठीत.

गुहेतले आंधळे मासे हा त्यांचा खास विषय. "अंधारात डोळ्यांचं काम नाही. त्यांच्या जनुकात बिघाड झाला तरी अडत नाही. तो तसाच पुढच्या पिढीत जातो." सांगताना चेहरा खुलायचा.

गेल्या हिवाळ्यात मात्र काका गप्प झाले. कधी कपाळावर टेंगूळ, कधी हाताला पट्टी. एकदा तर भर दुपारी जिन्यात गुडघा फोडून घेऊन बसलेले. सेक्रेटरींनी मला गाठलं. "अंकल पीने लगे हैं. आप मराठी हो, आप समझाओ."

शनिवारी सकाळी गेलो. काकू बहिणीकडे गेल्या होत्या. काकांनी दार उघडलं, तर डोळ्यांवर टॉवेल घट्ट बांधलेला.

"कोण?"

"मी, नितीन."

"ये. चपला वाटेत नको. भिंतीकडे सरकव."

टॉवेल सोडून ते खुर्चीत बसले. "मालतीची नजर जातेय. तिच्या आईचीही गेली होती. डॉक्टर म्हणतात, उपाय नाही." मग त्यांनी टॉवेलची घडी घातली. "माशाचे डोळे कसे गेले, ते मी तासभर सांगेन. हिच्यासाठी मला काहीच येत नाही रे."

"आणि हा टॉवेल?"

"तिला विचारलं तर म्हणते, काही त्रास नाही. म्हणून ती नसली की मीच चालून बघतो. ज्याला अडखळतो, ते हलवतो."

टीपॉय गायब होता. साखरेच्या डब्याला सुतळीचा एक वेढा होता, चहाच्या डब्याला दोन.

तेवढ्यात काकू आल्या. भिंतीला बोटं लावत स्वयंपाकघरात गेल्या आणि थेंबही न सांडता तिघांचा चहा केला.

"डॉक्टर काही म्हणू देत," मला कप देत म्हणाल्या, "मला हल्ली जरा बरं दिसतंय. सगळं कसं हाताशी सापडतं."

काका बाल्कनीकडे बघत राहिले.

ते मला सोडायला लिफ्टपर्यंत आले. मी विचारलं, "सेक्रेटरींना काय सांगू?"

"पितो म्हणून सांग, टॉवेलचं नको," ते हळूच म्हणाले. "हिच्या कानावर गेलं तर चिडेल. चिडू दे."