आवाज आला ना?

केंद्रीय नटबोल्ट परीक्षण संस्थेच्या लखनौ मुख्यालयात वर्षाला सरासरी एकसष्ट समारंभ होतात आणि उरलेल्या वेळात नटबोल्टांचं परीक्षण होतं. समारंभाची पद्धत ठरलेली आहे. महानिदेशक कुणाला तरी काहीतरी देतात. देणारा आणि घेणारा दोघंही ती वस्तू धरून ठेवतात, एकमेकांकडे न बघता समोर बघतात, समोरून ‘खटक’ असा आवाज येतो आणि मग दोघंही सुटतात. हा आवाज गेली तेहेतीस वर्षं मधुसूदन डांगरे हे संस्थेचे छायाचित्रकार काढत आले होते.

डांगरे मूळचे वर्ध्याचे. नोकरीला लागले तेव्हा रिळाचा कॅमेरा होता, पुढे डिजिटल आला, पण दोन्हींच्या पोटात एक लहानसा आरसा होता. बटण दाबलं की आरसा वर उडायचा, मागचा पडदा उघडून मिटायचा आणि आरसा परत जागेवर पडायचा. खटक म्हणजे हेच. एवढ्या वर्षांत डांगरेंनी सहा महानिदेशक, अकरा मंत्री आणि मोजता न येणाऱ्या शाली टिपल्या. त्यांतल्या एकाही फोटोत ते स्वतः नव्हते. संस्थेच्या रिवाजाप्रमाणे ज्याच्या वाट्याला बक्षीस किंवा सत्कार येत नाही अशा कर्मचाऱ्याचा महानिदेशकांबरोबरचा फोटो निघतो तो निवृत्तीच्या दिवशी. डांगरे येत्या एकतीस जानेवारीला निवृत्त होणार होते. वृंदावन योजना या वसाहतीतल्या त्यांच्या घरी सरोजनं, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, या फोटोसाठी बैठकीच्या खोलीत खिळा आधीच ठोकून घेतला होता. पाहुण्यांना ती तो दाखवतही असे.

अशात मे महिन्यात भांडार अधिकारी निरंजन सक्सेना यांच्या ध्यानात आलं, की जगभर कंपन्या आता आरसेवाले नवे कॅमेरे काढेनाशा झाल्या आहेत. ते त्यांच्या ध्यानात विक्रेत्यानं आणून दिलं होतं. सक्सेनांनी लगेच जुना कॅमेरा ‘तंत्रज्ञानदृष्ट्या कालबाह्य’ ठरवण्याचा प्रस्ताव मांडला. डांगरेंनी नम्रपणे टिपण लिहिलं, की कॅमेरा उत्तम चालतो आहे. टिपण परत आलं. खाली शेरा होता: ‘चालणे ही बाब कालबाह्य ठरविण्यास अडथळा मानता येणार नाही.’

नवा कॅमेरा जुलैत आला. आरसा नाही, वजनाला हलका, आणि चित्र फारच सुरेख. डांगरेंनी हे मनापासून कबूल केलं. खरेदीचे निकष विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून जसेच्या तसे उतरवले होते, त्यामुळे ‘पूर्णतः निःशब्द छायाचित्रण’ ही अट अनिवार्य म्हणून त्यात आली होती.

ऑगस्टमध्ये सुरक्षा सप्ताहाची बक्षिसं होती. पहिलं बक्षीस प्रयोगशाळेतल्या अनन्या त्रिपाठी यांना होतं. महानिदेशकांनी प्रमाणपत्र पुढे केलं, अनन्याबाईंनी धरलं, दोघांनी समोर पाहून स्मित केलं. डांगरेंनी नऊ फोटो घेतले. दोघं तशीच उभी होती. मिनिटभरानं महानिदेशकांचं स्मित वाळायला लागलं.

“हो गया, सर,” डांगरे म्हणाले.

“क्या हो गया?”

“फोटो, सर.”

“कब?”

डांगरेंकडे या प्रश्नाची नऊ उत्तरं होती. महानिदेशकांनी खात्रीसाठी आणखी थोडं थांबायचं ठरवलं. चौदा बक्षिसांना सव्वादोन तास लागले. शेवटच्या मानकऱ्यानं आपलं प्रमाणपत्र महानिदेशकांच्याच हातात सोडून दिलं आणि तो मुकाट्यानं चहाकडे गेला.

दुसऱ्याच दिवशी सक्सेनांच्या अध्यक्षतेखाली ‘छायाचित्र-पूर्ती संकेत समिती’ नेमली गेली. डांगरेंना विशेष निमंत्रित म्हणून बोलावलं होतं. त्यांनी मोठ्यानं ‘हो गया’ म्हणावं, ही पहिली सूचना बारगळली, कारण महानिदेशकांचं काम संपल्याचं महानिदेशकांना खालच्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यानं कळवणं शिस्तीत बसत नव्हतं. तेव्हा डांगरेंनी सांगितलं, की नव्या कॅमेऱ्यात आवाज बंद करण्याची सोय आहे, तशी चालू करण्याचीही आहे. मेनूत जाऊन एक बदल केला की झालं.

समिती गंभीर झाली.

“डांगरे जी,” सक्सेना अतिशय मायेनं म्हणाले, “साइलेंट हमने लिखकर माँगा है. कल ऑडिट पूछेगा कि साइलेंट लिया था तो आवाज़ कहाँ से आ रही है. जवाब आप देंगे?”

डांगरे देणार नव्हते.

मग समितीनं एकमतानं तोडगा काढला. लिलावाची वाट बघत पडलेला जुना कॅमेरा भांडारातून परत मागवावा आणि त्याची नोंद ‘छायाचित्रण उपकरण’ऐवजी ‘ध्वनी उपकरण’ अशी करावी. छायाचित्रणासाठी तो कालबाह्य असल्यामुळे त्यातलं कार्ड काढलं, भिंग काढलं आणि तोंडाला झाकण लावलं. बटण दाबण्याचा अतिरिक्त कार्यभार आस्थापना शाखेतल्या स्टेनो सलोनी मिश्रा यांच्याकडे लेखी आदेशानं देण्यात आला.

व्यवस्था झकास चालली. मध्यभागी, जमिनीवर चिकटपट्टीनं केलेल्या फुलीवर, डांगरे आणि त्यांच्या डावीकडे सलोनी. ती बटण दाबी, खटक वाजे, महानिदेशक सुटत. फक्त एवढंच होई, की माणूस आवाजाकडे बघतो. सप्टेंबरपासूनच्या प्रत्येक फोटोत सगळी संस्था बाजूला बघत होती. डांगरेंनी ते फोटो सक्सेनांना नेऊन दाखवले. सक्सेनांनी ते लांब धरून पाहिले आणि नॅचरल आलेत म्हणाले. फोटो गृहपत्रिकेत छापून आले. तक्रार एकही आली नाही. का आली नाही, हे डांगरेंना वर्षअखेरीस कळलं.

नोव्हेंबरातल्या एका समारंभात नव्या कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच संपली आणि सात सत्कारांचे फोटो निघालेच नाहीत. तेहेतीस वर्षांत असं झालं नव्हतं. डांगरे पडेल चेहऱ्यानं सक्सेनांकडे गेले.

“आवाज़ आई थी ना?” सक्सेनांनी विचारलं.

“आवाज़ तो आई थी, सर.”

“तो फिर?”

इतिवृत्तात लिहिलं गेलं: ‘सर्व सत्कारमूर्तींची छायाचित्रे घेण्यात आली.’ डांगरेंनी महिनाभर वाट पाहिली. सातांपैकी एकानंही फोटो मागितला नाही.

घरी त्यांनी हे सरोजला सांगितलं. ती मटार सोलत होती.

“अहो, म्हणजे तुमच्या दिवशी पण असंच करतील काय?”

“माझ्या दिवशी कसं करतील? माझ्या दिवशी मी समोर उभा असणार.”

“अच्छा. आणि मग कॅमेऱ्यामागं कोण?”

सरोजनं पुढची शेंग उचलली.

आपल्या निरोप समारंभात फोटो काढायला कुणाची तरी नेमणूक व्हावी, असा डांगरेंनी रीतसर अर्ज केला. उत्तर तीन आठवड्यांत आलं, म्हणजे तत्परतेनं आलं. छायाचित्रकाराचं पद निवृत्तीनंतर गोठवलं जाणार असल्यामुळे नवीन नेमणूक होणार नव्हती. नवा कॅमेरा डांगरेंच्या नावावर असल्यामुळे तो निवृत्तीच्या दिवशी दुपारी बारापर्यंत भांडारात जमा करणं आवश्यक होतं. त्याशिवाय ना-देय प्रमाणपत्र नाही, आणि त्या प्रमाणपत्राशिवाय निरोप समारंभ नाही. समारंभ चार वाजता होता. बाहेरचा छायाचित्रकार सुरक्षेच्या कारणास्तव चालत नव्हता. मोबाइलही चालत नव्हते. ते फाटकावरच जमा होत.

राहिली सलोनी. तिला खरंच वाईट वाटत होतं.

“सर, मैं तो खींच देती,” ती म्हणाली, “पर ऑर्डर में सिर्फ़ साउंड लिखा है.”

एकतीस जानेवारीला बारा वाजता डांगरेंनी कॅमेरा पुसून, पट्टा गुंडाळून, पोचपावती घेऊन जमा केला. चार वाजता सभागृह भरलं. पहिल्या रांगेत मोरपंखी साडीत सरोज, तिच्या शेजारी अमौसीच्या विमानतळावरच्या नोकरीतून अर्धी रजा काढून आलेली मुलगी जुई. महानिदेशक डांगरेंबद्दल चार वाक्यं चांगली बोलले. मग शाल आली, मग सोनेरी मुलामा दिलेला बोल्ट आला. दोघांनी बोल्ट धरला. समोर जमिनीवर डांगरेंनीच चिकटवलेली फुली होती. फुलीवर कुणी नव्हतं.

डावीकडून खटक आलं. महानिदेशकांसकट सगळं सभागृह तिकडे वळलं. त्या न निघालेल्या फोटोत सरळ समोर बघणारे डांगरे एकटेच होते.

“डांगरे जी,” बोल्ट सोडताना महानिदेशक आपुलकीनं म्हणाले, “इसकी एक कॉपी मुझे भी भिजवाइएगा.”

“जी, सर,” डांगरे म्हणाले.

फाटकावर जुईनं आपला फोन परत घेतला आणि आईवडिलांना कडुलिंबाखाली उभं केलं. “पापा, इधर. मम्मी, थोड़ा पास.” फोनमधून खटक आलं. डांगरेंना ठाऊक होतं, की फोनमध्ये आरसा नसतो. कधीकाळी कुणीतरी आरशाच्या कॅमेऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून आत घालून ठेवला आहे, समोरच्या माणसांना सुटता यावं म्हणून. तरी त्यांनी हात पुढे केला.

“दाखव बरं.”

“घर जाके देखते हैं ना, पापा. बहुत सारे लिए हैं.”

याला आता अडीच महिने झाले. जुईच्या फोनमध्ये तेवीस हजार फोटो आहेत आणि हा त्यांतच आहे, याबद्दल घरात कुणालाही शंका नाही. वेळ मिळाला की ती शोधणार आहे. खिळा मोकळा वाईट दिसतो म्हणून सरोजनं त्यावर बँकेचं कॅलेंडर लावलं आहे.

संस्थेचं तुम्हाला हसू आलं असेल, तर ते रास्तच आहे. फक्त फोन न उघडता एवढं सांगा: तुम्ही शेवटचा फोटो कुणाचा काढलात?