पाहाले कोण आहे?

शालिकजींकडे सेल घ्यायला गेलात, तर ते आधी सेल दाखवत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "घरी पाहाले कोण आहे?"

मुलगी पाहायला आलेले सोयरेसुद्धा इतक्या चौकशा करत नसतील. घरात माणसं किती, दुपारी कोण असतं, झोप कोणाची गाढ. एवढं सगळं झाल्यावर टेबलावर सेल येतो. तोही तुम्ही मागितलेलाच असेल असं नाही.

पवनीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर. टेलिफोनच्या लाइनवर आयुष्य घालवून रिटायर झाले आणि समोरच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल मांडून बसले. आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात, आणि धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ती असतेच. आता तिच्यात अंगठ्याएवढा जाड, पुन्हा पुन्हा चार्ज होणारा लिथियमचा सेल असतो. त्याचे दोन प्रकार. एकाच्या बुडाशी नखाएवढं सर्किट असतं, दुसऱ्याला नसतं. बाजारात त्या दुसऱ्याला बिनसर्किट म्हणतात. शालिकजी 'मोकाट' म्हणतात.

"सर्किटवाल्याचं पोट भरलं का तो सोताच ताट सारते," ते समजावतात. "मोकाटले समजतच नाही. देल्लं तेवढं खात राहते. मंग तापते, फुगते, अन् एखाद दिवशी घर घेऊन जाते. त्याच्याजवळ माणूस पाहिजे."

आता हा 'माणूस' कोणाला म्हणायचं, याचा त्यांचा हिशेब फार कडक होता. पेठेतल्या अकरा माणसांच्या एका घराला त्यांनी मोकाट सेल साफ नाकारला. "अकरा जण म्हंजे कोणीच नाही. हरेकाले वाटते, दुसरा पाहून राहिला." नव्यानं लग्न झालेल्या जोडप्यालाही सर्किटवालाच मिळाला, कारण "तुम्ही एकमेकाले पाहान, सेलले कोण पाहीन?" एक सून मात्र आली, तिचा सासरा वर्षभर खाटेवर पडून होता. तिला त्यांनी एका शब्दात मोकाट दिला. "बुढा दिवसभर जागा असते. त्याच्या खाटेजवळ चार्जिंगले लावत जा. त्यालेही काम होईन."

मग मार्करनं ते सेलवर नाव लिहितात. घेणाऱ्याचं नाही, पाहणाऱ्याचं. त्या सेलवर त्या म्हाताऱ्याचं नाव लिहिलं होतं.

त्यांच्याकडे मीटर आहे, पण त्यावर विश्वास नाही. सेल तापला की नाही हे ते गालाला लावून पाहतात. माझ्या पुतणीच्या लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात पंधरावीस फोन चार्जिंगला लागलेले होते. शालिकजींनी एकेक उचलून गालाला लावला, आणि ज्याचा मालक जवळपास दिसेना त्याची पिन काढली. त्यात नवरदेवाचाही फोन होता. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या वेळी त्याच्या भावाला तो पाच टक्क्यांवर सापडला. मोठा गोंधळ झाला. शालिकजी शांतपणे म्हणाले, "नवरदेव बोहल्यावर, भाऊ जेवाले, मंग फोनजवळ कोण होतं, सांगा?"

मी शाळेत मास्तर आहे. मधल्या सुट्टीत मी त्यांची नक्कल करायचो. डबा गालाला लावायचो, चष्मा कपाळावर सरकवायचो आणि विचारायचो, "पाहाले कोण आहे?" सगळे पोट धरून हसायचे. एकदा मी त्यांनाच विचारलं होतं, "तुम्ही स्वतः कोणता सेल वापरता?" म्हणाले, "सर्किटवाला." मी म्हटलं, "एवढे जाणकार तुम्ही, तुम्हाला काय गरज?" ते हसले. "माहा डोळा लागला तं पाहाले कोण आहे?" त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी रायपूरला सासरी होती. हे मला ठाऊक होतं. तरी ते वाक्यही मी नकलेत घेतलं, आणि ते सगळ्यात जास्त चाललं.

आता माझी गोष्ट. माझी आई आसगावला एकटी राहते. इथून गाडीवर अर्धा तास, पण मी महिन्यातून एकदा जायचो. वडिलांची जुनी स्टीलची, चार्जिंगची बॅटरी ती अजून वापरते. पहाटे गोठ्यात जाताना, विंचूकाट्याला. बॅटरीचा सेल मेला म्हणून मी ती घेऊन शालिकजींकडे गेलो.

सर्किटवाला सेल सर्किटापुरता जास्त लांब असतो. वडिलांच्या बॅटरीचं झाकण त्याच्यावर लागेना. मोकाट बरोब्बर बसला.

"आईजवळ पाहाले कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मी झाकण पुन्हा फिरवून पाहिलं.

"तं मंग ठेवून जा, गुरुजी. बॅटरीतच सर्किट बसवून देतो. नागपूरवरून याले पंधरा दिवस लागतीन."

मला तेवढा दम नव्हता. मी त्याच दिवशी आसगावला निघालो होतो, आणि बॅटरी मागाहून द्यायची तर पंधरा दिवसांत पुन्हा एक फेरी पडली असती. खरं कारण एवढंच होतं. मी म्हटलं, "मी आहे ना. रोज संध्याकाळी जातो आईकडे."

माझी गाडी रोज संध्याकाळी साडेपाचला त्यांच्या दारावरून घरी येते. नंतर ती सकाळपर्यंत हलत नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. पाचवीच्या पोरांना मी खरं बोलावं असं शिकवतो.

त्यांनी मार्कर घेतला आणि सेलवर लिहिलं, 'गुरुजी, आसगाव'. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "घर कोन्या बाजूले येते?"

"तलावाच्या पाळीजवळ," मी म्हटलं आणि निघालो. आईला बॅटरी दिली, चार्जिंग कसं करायचं ते सांगितलं, सेल कसला आहे ते सांगितलं नाही.

तीन महिने गेले. या ना त्या कारणानं माझी महिन्याची फेरीही चुकत गेली. एका बुधवारी शाळेला अचानक सुट्टी मिळाली आणि बायकोनं नवे तांदूळ आणायला मला आसगावला पाठवलं. अंगणात शिरलो तर घरापुढच्या छपरीत आई लाखोळीची डाळ निवडत बसलेली. समोर खुर्चीवर शालिकजी. मधल्या स्टुलावर वडिलांची बॅटरी चार्जिंगला लावलेली. त्यांनी ती उचलली, गालाला लावली आणि परत ठेवली.

"पाहा, हा आज सोताच आला," आई त्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बरं केलं बापा, तू ह्यांले धाडतोस तं. दर बुधवारी येते बिचारे. मले म्हणाले, गुरुजीले शाळेतून सवड नाही, म्हून मले पाठवते. बॅटरी बुधवारीच भराची, मी असल्यावर, असं ह्यांनी सांगून ठेवलं."

शालिकजी माझ्याकडे न बघता चहा पीत होते. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आईच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कौतुक होतं, आणि ते मी कमावलेलं नव्हतं.

बॅटरी भरली. त्यांनी पिन काढली, आईला रामराम केला. मी त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेलो.

"तुम्ही सर्किट का नाही बसवलं?" मी विचारलं.

"आणलं होतं ना. दुसऱ्याच महिन्यात घेऊन आलो. तुमच्या आईनं बसवूच देल्लं नाही."

"का?"

"म्हणे, सर्किट बसलं तं मंग बुधवारी कोण येईन?"

मी मग म्हटलं, "शालिकजी, मी खोटं बोललो होतो."

"मालूम आहे. तुमची गाडी माह्याच दारातून जाते."

"मग सेलवर अजून माझंच नाव ठेवलंत?"

"तुमच्याच नावावर आहे तो. मी तं बदलीवर आहो." लाइनमनच्या नोकरीत एक रजेवर गेला की दुसरा बदलीवर यायचा, तसं ते म्हणाले.

"पुढच्या बुधवारपासून मी येतो. तुम्ही नका त्रास घेऊ."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला. "बुधवार राहू द्या, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "तुम्ही दुसरा कोणताही वार घ्या."

मी रविवार घेतला. शाळेतली नक्कल बंद केली, कारण विचारणाऱ्याला सांगितलं नाही. रविवारी आईकडे चार्ज करण्यासारखं काहीच नसतं. बॅटरी बुधवारची भरलेली असते. म्हणून मी माझा फोन त्या स्टुलावर चार्जिंगला लावतो आणि तो भरेपर्यंत छपरीत बसून राहतो. मधून मधून उचलून गालाला लावून पाहतो.