सहाही दांडे बद्द

वैजनाथअण्णांनी पहिल्याच भेटीत माझ्या डोक्यावर टकटक केलं. डोक्यावर हेल्मेट होतं हे खरं, पण ते काढा म्हणण्याइतकाही धीर त्यांना नव्हता. कान जवळ आणून ऐकलं आणि म्हणाले, "माल बरा हाय, गुरुजी." हेल्मेटबद्दल म्हणाले की आतल्या ऐवजाबद्दल, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

अण्णा बीदर जिल्ह्यातल्या संतपुरात आमच्या शेजारी राहतात. वय बासष्ट, ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. आपण माठ वाजवून घेतो, तशी ते जगातली प्रत्येक वस्तू वाजवून घेतात. आमच्या नव्या घराची फरशीही त्यांनी गुडघ्यावर बसून वाजवली. दोन फरश्या पोकळ निघाल्या, तेव्हापासून मिस्त्री माझ्याशी बोलत नाही. "वाजवल्याबिगर घिऊ नये," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस म्हणून त्यांचं औरादपर्यंत नाव. अलीकडे मात्र ते आधी गिऱ्हाइकालाच विचारायचे, "तुला काय ऐकू यायलंय?" मला वाटलं, म्हातारपणी नम्रता आली असेल.

हा माणूस धोतर आवरून माउंटन बाइकवर लाल मुरमाच्या उतारावरून सुसाट खाली येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क डोळे मिटून घेतले होते. पुढे त्यांची कंबर दुखू लागली. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, खड्ड्याचा प्रत्येक हिसका थेट मणक्यात पोचवत होता. कार्बनचा दांडा हिसके पिऊन टाकतो, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं आणि तीन महिने आम्हाला दुसरा विषय उरला नाही. व्हर्नियर लावून दांडा बसतो ते भोक मोजलं, लांबी ठरली, काळजी मात्र एकच राहिली.

"लोखंड वाकून सांगतंय, गुरुजी. कार्बन आतून चिरतंय, वरून कळत न्हाई. उतारावर तुटला की मी गेलो."

उपाय अर्थातच वाजवून घेणं. त्यासाठी बसनं हैदराबाद गाठलं, सोबतीला मी.

दुकानदारानं सहा दांडे समोर मांडले. अण्णांनी खिशातून नाणं काढलं आणि पहिला दांडा कान लावून वरपासून खालपर्यंत वाजवला. बद्द, म्हणाले. दुसराही बद्द. सहाही बद्द ठरले तेव्हा दुकानदार भडकला. चाचा, पाकिटं तुमच्यासमोर फोडली, म्हणाला. मीही तावातावानं अण्णांची बाजू घेतली. ट्रॅक्टरच्या पोटातलं ऐकणारा कान आहे हा, असं सुनावलं आणि त्याला पटवायला म्हणून स्वतःच नाणं मारलं.

दांडा खणखणीत वाजला. दुसराही तसाच, तिसराही.

अण्णा नाण्याकडे टक लावून पाहत होते.

"वाजला व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी सगळे दांडे माझ्याकडे सरकवले, तुम्हीच निवडा म्हणाले. शाळेत मी गाण्याचा तासदेखील घेत नाही, आणि आता एका माणसाचा जीव माझ्या कानावर आला होता. सहाही दोन-दोनदा वाजवले, चौथा घेतला.

परतीच्या बसमध्ये कळलं, अण्णांना वर्षभरापासून फक्त जाड आवाज ऐकू येतात, बारीक आवाज गेले. मला धक्का बसला आणि रागही आला. बीदरला कानाचा डॉक्टर आहे, यंत्र मिळतं, उद्याच जाऊ, असं मी त्यांच्याकडे तोंड करून बजावलं. त्यांनी मान डोलावली.

"जाऊ. पर शांताला सांगू नका."

शांताअक्कांना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, का नाही सांगायचं, मी विचारलं.

"जन्मभर गॅरेजच्या ठोकाठोकीत तिचं कधी ऐकलंच न्हाई. आता रोज सांजेला समोर बसून बोलती. मी व्हय व्हय म्हणतो. ऐकू येत न्हाई कळलं, तर गप बसंल ती."

"आणि त्या बोलतात काय, ते कळतं?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "तिचा आवाज बारीक हाय. पर बोलायलीय की."