नानांची चौथी बाजू

शेजारच्या नानांना केळं दिलंत, तर ते लगेच खात नाहीत. आधी तुमच्यासमोर आडवं धरतात, मग त्याचं टोक तुमच्या नाकाकडे फिरवतात आणि दरडावून विचारतात, "आखूड व्हयनं का? नही! फिरनं!" मग पुरावा सोलून खातात.

नानांनी सापेक्षतावाद मोडीत काढला आहे. चोपडा गावात बसून, केळीच्या बागेत. वेगाने जाणारी वस्तू आखडते, तिचं घड्याळ मागे पडतं, हे शास्त्रज्ञांचं म्हणणं त्यांना साफ नामंजूर. "टाईम काय म्हैस शे का, मांगे पडाले?" लांबी, रुंदी, उंची यांपलीकडे जागेलाच एक चौथी बाजू आहे; वस्तू तिकडे वळते म्हणून आपल्याला आखूड दिसते, बस्स. मी शाळेत विज्ञान शिकवतो, हाच माझा गुन्हा. गणित मागितलं की म्हणतात, "गनित तुम्ही करा. बाजू मी दखाडी दिधी."

मागे परदेशात माल पाठवणारा व्यापारी कापणीला आला. त्याने पट्टी लावली आणि फण्या आखूड म्हणून नाकारल्या. नाना म्हणाले, "आखूड नही शे भाऊ, चौथी बाजूले फिरेल शे." व्यापारी म्हणाला, "मंग मी बी गाडी फिरावस, नाना." आणि रिकामा ट्रक घेऊन रावेरला गेला. असल्या विद्वत्तेला काय म्हणावं!

हसून सोडून दिलं असतं. पण घरात त्यांची बायको, अक्का, माणसं विसरत चाललेली. पोटच्या पोरालाही ओळखेना. पोरगा सुभाष तिला धुळ्याला स्वतःकडे न्यायचं म्हणतो. तिथे डॉक्टर जवळ, सून हाताशी. नाना ऐकायला तयार नाहीत. बायकोचं बघायचं सोडून केळी फिरवत बसणाऱ्या या म्हाताऱ्याचा मला संताप यायचा.

गेल्या रविवारी सुभाष गाडी घेऊनच आला. समजूत घालायला मला बोलावलं. मी नानांना खडसावलंच, "अक्का आता पहिल्यासारख्या उरल्या नाहीत, नाना. पोराला नेऊ द्या."

"कोनी सांगं उरनी नही?" नाना उसळले. "बठ्ठीच्या बठ्ठी आठेच शे. फक्त तिकडे तोंड करी बशेल शे."

सगळीच्या सगळी इथेच, म्हणे! मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. हे खूळ अक्का विसरायला लागल्यापासूनचंच, हे तेव्हा ध्यानात आलं आणि फार वाईट वाटलं.

तेवढ्यात अक्का ओट्यावर आल्या. नानांनी सरकून जागा दिली, त्यांचा पदर सारखा केला. अक्कांनी परक्या माणसाला निरखावं तसं निरखलं.

"तुमनं लगीन व्हयनं का, भाऊ?"

नाना चक्क लाजले. "व्हयनं ना. बायको भलती चांगली शे."

"मंग घर जा ना. ती वाट देखत व्हई."

"जास ना," नाना म्हणाले, आणि तिच्या शेजारीच बसून राहिले.

सुभाषने गाडीत ठेवलेली आईची पिशवी परत घरात आणली.